कूजामधल्या आभासी सेन्सर नोडची डेटा पॅकेट्स संगणकावर कशी वाचावीत: पायऱ्या, तपासण्या आणि नेहमीच्या चुका

कूजा या सेन्सर जाळ्यांच्या सिम्युलेटरमध्ये चार-पाच सेन्सर नोड मांडले, ते रेडिओवर एकमेकांशी बोलू लागले, इथपर्यंत बहुतेकांचे सुरळीत जाते. घोडे अडते ते पुढे. सिम्युलेटरच्या खिडकीत दिसणारा डेटा आपल्या प्रोग्रॅममध्ये आणायचा असतो आणि तिथे पोर्ट जोडला जाऊनही काही येत नाही. कधी येते ते अर्धवट येते, तर कधी खोलीचे तापमान २९४ अंश दिसते. मग पायथनचा कोड पुन्हा पुन्हा बदलला जातो. खरे तर चूक बहुधा आधीच्या एखाद्या मुक्कामावर झालेली असते. पॅकेट कुठपर्यंत धड पोचले हे न पाहता शेवटच्या टोकाला दुरुस्ती सुरू केली की दिवस वाया जातात. म्हणून या लेखात क्रमाला सगळ्यात जास्त महत्त्व दिले आहे. एका टप्प्याची तपासणी पार पडल्याशिवाय पुढच्या टप्प्याला हात लावू नका.

उदाहरण एकच घेऊ. कॉन्टिकी-एनजी (सेन्सर नोडसाठीची छोटी ऑपरेटिंग सिस्टिम) आणि त्याच्यासोबतचा कूजा सिम्युलेटर, एक गोळा करणारा नोड (त्याला सिंक म्हणू) आणि तीन पाठवणारे. प्रत्येक पाठवणारा आपला क्रमांक, पॅकेटचा अनुक्रमांक आणि तापमान यूडीपी या साध्या नेटवर्क प्रोटोकॉलने सिंककडे धाडतो. सिंक ते आपल्या सिरियल पोर्टवर सोडतो आणि आपला पायथन प्रोग्रॅम तिथून वाचतो.

लेखातल्या आज्ञा आणि मेनूंची नावे देवनागरीत आहेत. टर्मिनलमध्ये ती अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायची. हेक्स (सोळा पायाच्या) आकड्यांतली सहा अक्षरे इथे ए, बी, सी, डी, ई, एफ अशी लिहिली आहेत.

## आधी हे ठरवा: पॅकेट कुठे वाचायचे आहे?

एकच मोजमाप तीन ठिकाणी तीन रूपांत दिसते.

पहिले ठिकाण म्हणजे हवा. तिथे ८०२.१५.४ या कमी ऊर्जेच्या रेडिओ मानकाची पूर्ण फ्रेम असते: मॅक हेडर (शेजारच्या नोडपर्यंतच्या रेडिओ टप्प्याचे), दाबून लहान केलेले आयपीव्ही६ आणि यूडीपी हेडर, आणि शेवटी आपले बाइट. दुसरे ठिकाण सिंकचा सिरियल पोर्ट. तिथे सिंकच्या प्रोग्रॅमने जे बाहेर टाकले तेवढेच असते, रेडिओची हेडर नसतात. तिसरे ठिकाण आपल्या प्रोग्रॅमचा सॉकेट. तिथे तेच सिरियल बाइट येतात, पण पॅकेटच्या सीमा पुसून.

रेडिओची फ्रेम सिरियल सॉकेटवर आपोआप येईल ही अपेक्षा सर्रास दिसते, आणि ती चुकीची आहे. सिंकने पॅकेट घेऊन ते स्वतः सिरियलवर लिहिले नाही तर सॉकेट जन्मभर कोरडाच राहील.

## टप्पा १: तयारी

१. कॉन्टिकी-एनजीचे भांडार क्लोन केल्यावर सबमॉड्यूल उतरवून घ्या: ‘गिट सबमॉड्यूल अपडेट’, सोबत इनिट आणि रिकर्सिव्ह हे पर्याय. कूजा स्वतंत्र सबमॉड्यूल आहे. ही पायरी चुकली तर टूल्समधला कूजाचा फोल्डर रिकामा राहतो आणि पुढचा प्रत्येक एरर दिशाभूल करतो.

२. जावा पुरेशी नवी आहे का ते पाहा. कूजा आता ग्रेडलवर चालतो (कूजाच्या फोल्डरमधून ‘ग्रेडलडब्ल्यू रन’). ‘अँट रन’ ही जुन्या कॉन्टिकीची पद्धत होती. इंटरनेटवरच्या अनेक सूचना त्या काळातल्या आहेत. त्यातली अर्धी पायरी इथली आणि अर्धी तिथली घेऊ नका.

३. नोडचा (कूजाच्या भाषेत ‘मोट’चा) प्रकार निवडा. ‘कूजा मोट’ तुमच्या संगणकाच्याच कंपायलरने बांधला जातो. ‘स्काय मोट’साठी एमएसपी४३० चा कंपायलर वेगळा बसवावा लागतो आणि त्याचा प्रोसेसर हुबेहूब अनुकरणाने चालतो. पहिल्यांदा वाचणाऱ्याने कूजा मोटच घ्यावा. मात्र कूजा मोटवर कोड चालायला सिम्युलेशनमधला वेळ लागतच नाही, म्हणून त्यावरून प्रोसेसरच्या वेळेचे निष्कर्ष काढायचे नाहीत.

४. डॉकर वापरत असाल तर वाचणारा प्रोग्रॅम त्याच कंटेनरमध्ये चालवा. कंटेनरच्या आतला पोर्ट बाहेरच्या यजमान संगणकाला मुद्दाम उघडून दिल्याशिवाय दिसत नाही. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ या तक्रारीमागे पुष्कळदा एवढेच कारण असते.

तपासणी: उदाहरणांमधला आरपीएल-यूडीपी हा फोल्डर काहीही न बदलता कूजामध्ये बांधून चालवा. तो चालत नसेल तर स्वतःचा कोड लिहायला घेऊ नका.

## टप्पा २: नोडची मांडणी

१. नवे सिम्युलेशन उघडा. रेडिओ माध्यम म्हणून युनिट डिस्क ग्राफ, डिस्टन्स लॉस हा पर्याय ठेवा. रँडम सीड (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणारा आकडा) जो दिसेल (सहसा १२३४५६) तो लिहून ठेवा. सीड आणि मांडणी तीच ठेवून नुसते वाचत असाल तर सिम्युलेशन हुबेहूब पुन्हा घडते आणि चूक शोधताना याचा फार आधार असतो.

२. सिंक सर्वात आधी ठेवा. पहिल्या नोडला क्रमांक १ मिळतो, आणि सिरियल सॉकेटचा पोर्ट ६०००० अधिक नोडचा क्रमांक असा ठरतो. सिंक पहिला असेल तर पोर्ट ६०००१. पाठवणारे आधी ठेवले तर ६०००१ वर पाठवणाऱ्याचे सिरियल मिळेल, डेटा ‘थोडा वेगळा’ दिसेल आणि कारण सापडायला वेळ जाईल.

३. नोड एका रेषेत ४० मीटर अंतराने मांडा: ०, ४०, ८०, १२०. नेहमीची रेडिओ रेंज ५० मीटर असते, म्हणजे प्रत्येकाला फक्त शेजारचा ऐकू येतो आणि चौथ्या नोडचे पॅकेट दोन नोड ओलांडून सिंककडे पोचते. सगळे एका पुंजक्यात ठेवले तर बहुटप्पी जाळ्यातल्या अडचणी दिसतच नाहीत.

४. स्पीड लिमिट १०० टक्के करा. मर्यादा काढली की सिम्युलेशनमधला एक तास काही सेकंदांत उरकतो. बाहेरचा प्रोग्रॅम मात्र भिंतीवरच्या घड्याळाने चालतो, त्यामुळे त्याचे टाइमआउट आणि पोचण्याच्या वेळा निरर्थक होतात.

५. फाइल सेव्ह करा, मगच सुरू करा.

आरपीएल-यूडीपी उदाहरणातला सर्व्हर मिळालेले पॅकेट परतही पाठवतो. मोजणी करायची असेल तर सर्व्हरच्या फाइलमधला ‘विथ सर्व्हर रिप्लाय’ हा मॅक्रो ० करा, नाहीतर हवेतली रहदारी दुप्पट दिसेल.

## टप्पा ३: पाठवणारा काय पाठवतो ते स्वतः ठरवा

सुरुवातीला खरे किंवा यादृच्छिक तापमान पाठवू नका. ठरलेला, ओळखू येणारा आकडा पाठवा. आपण २६.७५ अंश घेऊ. अपूर्णांकाचे झंझट टाळण्यासाठी तो शंभरने गुणून २६७५ असा पूर्णांक म्हणून पाठवायचा. हेक्समध्ये २६७५ म्हणजे ०ए७३. हे चार अंक लक्षात ठेवा, पुढे प्रत्येक मुक्कामावर आपण तेच शोधणार आहोत.

आपल्या पॅकेटचा आराखडा:

- नोड क्रमांक: १ बाइट
- अनुक्रमांक: २ बाइट
- तापमान × १००: २ बाइट, चिन्हासह
- नोड सुरू झाल्यापासूनचे सेकंद: ४ बाइट

एकूण ९ बाइट. बाइटचा क्रम लहान टोक आधी, म्हणजे लिटल एंडियन. दुसऱ्या नोडचे सतरावे पॅकेट, ३०० व्या सेकंदाला, असे दिसायला हवे:

०२ ११ ०० ७३ ०ए २सी ०१ ०० ००

हा आराखडा कागदावर लिहून मॉनिटरशेजारी चिकटवा. पुढची निम्मी भांडणे त्यानेच मिटतात.

आता या विषयातली सर्वात खोडसाळ चूक. अनेकजण सी भाषेतले स्ट्रक्चर तयार करून ते तसेच उचलून पाठवतात. कंपायलर मधे रिकामे बाइट भरतो, आणि ते किती हे प्रोसेसरवर अवलंबून असते. वरच्याच चार घटकांचे स्ट्रक्चर एमएसपी४३० वर १० बाइटचे होते, आणि तुमच्या संगणकावर बांधलेल्या कूजा मोटमध्ये १२ बाइटचे. तुम्ही मोजलेले ९. कूजा मोटवरचे १२ बाइट ९ च्या नमुन्याने वाचले, आणि रिकाम्या जागी शून्य असले, तर अनुक्रमांक १७ ऐवजी ४३५२ दिसतो (१७ × २५६) आणि तापमान २९४.४०. पुढे हाच कोड स्काय मोटवर नेला की चूक वेगळेच रूप घेते, म्हणून ती सापडत नाही.

उपाय साधा आहे: नऊ बाइटचा ॲरे घ्या आणि प्रत्येक बाइट हाताने भरा. खालचा बाइट आधी, आठ बिट सरकवून वरचा नंतर. सिंकवर उलगडतानाही तसेच. बाइटच्या ॲरेमधल्या विषम पत्त्यावर पॉइंटर ठेवून दोन बाइटचा आकडा थेट उचलू नका, एमएसपी४३० वर तो चुकीचा वाचला जातो.

तपासणी: पाठवण्याच्या कॉलमध्ये दिलेली लांबी छापा. ती ९ च हवी.

## टप्पा ४: मोट आउटपुटमध्ये पाहा

सिम्युलेशन सुरू करा आणि मोट आउटपुटच्या खिडकीत तीन गोष्टी या क्रमाने शोधा.

१. पाठवणारे सुरुवातीला ‘नॉट रीचेबल येट’ म्हणतात का? म्हणू द्या. आरपीएल म्हणजे नोडमधले मार्ग ठरवणारा प्रोटोकॉल; त्याचे मार्गांचे झाड उभे राहायला वेळ लागतो आणि उदाहरणातला क्लायंट मार्ग मिळेपर्यंत पाठवतच नाही.

२. थोड्या वेळाने ‘सेंडिंग रिक्वेस्ट’ दिसू लागते का? मिनिटे उलटूनही ‘नॉट रीचेबल’च असेल तर एक तर सिंक त्या झाडाचे मूळ म्हणून सुरू झालेला नाही, किंवा मधला एखादा नोड रेंजबाहेर आहे. नोड माउसने ओढताना ४० मीटरचे ५५ कधी होतात ते कळतही नाही.

३. सिंकवर ‘रिसीव्ह्ड रिक्वेस्ट’ येते का? उदाहरणातला सर्व्हर आलेला डेटा मजकूर समजून छापतो, त्यामुळे आपले बाइट तिथे अगम्य चिन्हे होऊन दिसतील. त्या जागी लांबी आणि नऊही बाइट हेक्समध्ये छापणारी ओळ लिहा.

सावधान: या खिडकीतली वेळ सिम्युलेशनची असते, तुमच्या संगणकाची नव्हे. दोन वेळा एकाच तक्त्यात मिसळू नका.

सिंकच्या ओळीत ७३ ०ए दिसले की रेडिओचा भाग सुखरूप आहे. मग हवेतली फ्रेम कशाला बघायची? कारण पॅकेट हरवायला लागल्यावर ते कुठे हरवते हे फक्त तिथेच दिसते, आणि गरज पडेल तेव्हा पहिल्यांदाच ती खिडकी उघडणाऱ्याला काही उमगत नाही.

## टप्पा ५: हवेतली फ्रेम वाचा

१. सिम्युलेशन सुरू करण्याआधी टूल्समधून रेडिओ मेसेजेस उघडा. ही खिडकी उघडण्यापूर्वी झालेले प्रसारण तिला माहीत नसते.

२. ॲनालायझर मेनूतून ‘सिक्सलोपॅन ॲनालायझर विथ पीकॅप’ निवडा. (सिक्सलोपॅन म्हणजे आयपीव्ही६ दाबून छोट्या रेडिओ फ्रेममध्ये बसवण्याची पद्धत.) त्याने ‘रेडिओलॉग’ या नावाने सुरू होणारी पीकॅप फाइल, म्हणजे पकडलेल्या पॅकेट्सची नोंद, तयार होते.

३. सिम्युलेशन थांबवा, मग ती फाइल वायरशार्क या पॅकेट उलगडून दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडा.

आधी साध्या डोळ्यांनी बाइट पाहा. सुरुवातीचे दोन बाइट ४१ डी८ असतील तर ती सर्वांसाठीची फ्रेम, बहुधा आरपीएलची घोषणा. ६१ डीसी असतील तर एका ठरावीक नोडसाठीची, पोच मागणारी. तिसरा बाइट मॅकचा अनुक्रमांक. हा आपला अनुक्रमांक नव्हे. पुढे सीडी एबी, म्हणजे कॉन्टिकीचा नेहमीचा पॅन (रेडिओ जाळ्याचा) क्रमांक एबीसीडी, उलट्या बाइटक्रमात. त्यानंतर पत्ते. तीन किंवा पाच बाइटची चिमुकली फ्रेम दिसली तर ती पोच.

आपला डेटा शोधायला सोपी खूण म्हणजे पोर्ट. उदाहरणातला क्लायंट ८७६५ वरून ५६७८ कडे पाठवतो, म्हणजे फ्रेममध्ये सलग २२ ३डी १६ २ई. दाबलेल्या यूडीपी हेडरमध्ये यानंतर चेकसमचे दोन बाइट येतात आणि मग आपले नऊ. १६ २ई २२ ३डी असा उलटा क्रम दिसला तर तो सर्व्हरचा प्रतिसाद. पोर्टचे आकडे मोठे टोक आधी या क्रमात जातात आणि आपले तापमान लहान टोक आधी. एकाच फ्रेममध्ये दोन्ही पद्धती नांदतात हे लक्षात घेतले नाही तर वायरशार्कवरचा विश्वास उडतो.

वायरशार्कच्या दोन सेटिंग्ज पाहून घ्या. प्रत्येक फ्रेमवर ‘बॅड एफसीएस’ (फ्रेमच्या शेवटचा तपासणी-आकडा चुकीचा) येत असेल आणि आतले काही उलगडत नसेल, तर ८०२.१५.४ च्या पसंतींमध्ये ‘फक्त बरोबर एफसीएस असलेल्या फ्रेम उलगडा’ हा पर्याय बंद करा. आणि आयपीव्ही६ पत्ते विचित्र दिसत असतील, यूडीपीचा चेकसम चुकीचा दाखवत असेल, तर सिक्सलोपॅनच्या पसंतींमध्ये संदर्भ शून्यासाठी एफडी००::/६४ हा उपसर्ग भरा. पत्ता दाबताना कॉन्टिकी तो संदर्भ गृहीत धरते आणि वायरशार्कला तो आपणच सांगावा लागतो. चेकसम पत्त्यांवरूनही काढला जातो, म्हणून पत्ता चुकला की तोही चुकलेला दिसतो. पॅकेट मात्र चांगले असते.

सावधान: रेडिओ मेसेजेसमधल्या ओळी मोजून ‘इतकी पॅकेट्स गेली’ असे लिहू नका. चौथ्या नोडचे एक मोजमाप सिंकपर्यंत जाताना निदान तीनदा प्रसारित होते, पोच न मिळाल्यास तीच फ्रेम पुन्हा जाते, आणि त्यात आरपीएलचे संदेश वेगळेच. मोजणी करायची ती आपल्या अनुक्रमांकावरून.

तपासणी: एक ठरावीक पॅकेट निवडा, समजा नोड ४, अनुक्रमांक १०. ते वायरशार्कमध्ये शोधा आणि सिंकच्या मोट आउटपुटमध्येही शोधा. नऊ बाइट तंतोतंत जुळले पाहिजेत.

## टप्पा ६: सिरियल सॉकेट उघडा

१. टूल्समधून ‘सिरियल सॉकेट (सर्व्हर)’ घ्या आणि नोड १ निवडा. यादीत ‘क्लायंट’ नावाचाही पर्याय असतो, तो नको.

२. पोर्ट ६०००१ आहे याची खात्री करून ‘स्टार्ट’ दाबा. खिडकी उघडली म्हणजे पोर्ट ऐकू लागला असे होत नाही.

३. पायथनकडे जाण्याआधी नेटकॅटने (पोर्टला जोडून आलेला डेटा दाखवणारी टर्मिनलची आज्ञा) १२७.०.०.१ च्या ६०००१ वर जोडून पाहा. मोट आउटपुटमध्ये सिंकच्या नावावर दिसणाऱ्या ओळी इथे दिसल्या पाहिजेत.

४. दिसल्या? मग नेटकॅट बंद करा. हा सॉकेट एका वेळी एकच जोडणी घेतो. नेटकॅट चालू ठेवून पायथन जोडला तर दुसरी जोडणी लगेच तोडली जाते आणि प्रोग्रॅमला रिकामे उत्तर मिळते.

सॉकेटला कुणी जोडलेले नसताना सिंकने टाकलेले बाइट साठवले जात नाहीत. म्हणून क्रम असा: सॉकेट सुरू, प्रोग्रॅम जोडा, मग सिम्युलेशनचे ‘स्टार्ट’. उलट केले तर पहिली पॅकेट्स गळतील आणि ती रेडिओवर हरवली असे वाटेल.

## टप्पा ७: आधी मजकुराच्या ओळी वाचा

बायनरीकडे थेट उडी घेऊ नका. सिंकला प्रत्येक पॅकेटमागे अशी एक ओळ छापू द्या:

@,२,१७,२६७५

सुरुवातीचे चिन्ह महत्त्वाचे आहे. त्याच सिरियलवर कॉन्टिकीच्या नोंदींच्या ओळीही येतात, चौकटी कंसात पातळी आणि मॉड्यूलचे नाव घेऊन. आपली ओळ कोणती हे प्रोग्रॅमला चिन्हावरून कळते.

आता मूळ मुद्दा. सॉकेटवरून पॅकेट येत नाही, ओळही येत नाही. येते ती बाइटची सलग धार. टाकीतून नळाला आलेल्या पाण्यात टाकीत ओतलेली कुठली बादली कुठे संपली हे जसे दिसत नाही, तसेच हे. एका वेळच्या वाचनात अर्धी ओळ मिळेल, कधी अडीच ओळी मिळतील. ‘१०२४ बाइट वाच आणि ती एक ओळ समज’ असे लिहिलेला प्रोग्रॅम टेबलावर चालतो आणि प्रात्यक्षिकात पडतो.

प्रोग्रॅमचे काम या क्रमाने:

१. जे आले ते बफरच्या शेवटी जोडा. शून्य बाइट आले तर जोडणी तुटली आहे, फेरा थांबवा.
२. बफरमध्ये ओळबदलाचा बाइट असेपर्यंत त्याच्या आधीचा तुकडा काढत राहा.
३. तुकडा पूर्ण झाल्यावरच त्याचे मजकुरात रूपांतर करा, आधी नाही.
४. सुरुवातीला @ नसेल तर सोडून द्या.
५. स्वल्पविरामावर तोडा. बरोबर चार भाग नसतील तर ओळ बाजूच्या फाइलमध्ये टाका. गपचूप फेकू नका.
६. उरलेला तुकडा बफरमध्येच राहू द्या.

तपासणी: वाचनाचा आकार मुद्दाम ३ बाइट करून चालवा. निकालात तसूभरही फरक पडता कामा नये. पडला तर बफरचा कोड चुकला आहे.

बऱ्याच प्रकल्पांना एवढे पुरते. नोड थोडे असतील, पॅकेट दर दहा सेकंदांनी येत असेल, तर मजकुरावर थांबण्यात काहीच कमीपणा नाही. डोळ्यांनी वाचता येणारा डेटा ही मोठी सोय आहे.

## टप्पा ८: बायनरी हवीच असेल तर सीमा आखा

नऊ बाइट जसेच्या तसे सिरियलवर सोडायचे झाल्यास एकेक बाइट पुटचार या सी फंक्शनने लिहा. छापण्याच्या फंक्शनला मजकूर म्हणून दिले तर पहिल्याच शून्य बाइटवर छपाई थांबते, आणि आपल्या पॅकेटमध्ये शून्ये भरपूर आहेत.

आणि ओळींवर तोडण्याचा टप्पा ७ मधला कोड इथे वापरू नका. ओळबदलाचा बाइट म्हणजे ०ए, आणि २६७५ चा वरचा बाइटही ०ए च आहे. नीट पाहिले तर २५.६० ते २८.१५ अंशांपर्यंतच्या प्रत्येक तापमानात वरचा बाइट ०ए असतो. म्हणजे थंडगार प्रयोगशाळेत चाललेला प्रोग्रॅम पंखा बंद केल्यावर मोडतो.

सीमा आखण्यासाठी स्लिप ही सिरियलवर फ्रेम वेगळ्या करण्याची जुनी, साधी पद्धत पुरते. चारच बाइट लक्षात ठेवायचे: सी० म्हणजे फ्रेमची सीमा, डीबी म्हणजे सुटकेची खूण. डेटातच सी० आला तर त्याऐवजी डीबी डीसी पाठवायचे, डीबी आला तर डीबी डीडी.

सिंकच्या बाजूला:

१. नऊ बाइटवरून दोन बाइटचा सीआरसी (चूक ओळखण्यासाठीचा तपासणी-आकडा) काढा आणि शेवटी जोडा, एकूण ११.
२. आधी एक सी० पाठवा. आधीच्या नोंदींच्या ओळींचा कचरा त्यामुळे वेगळा पडतो.
३. अकरा बाइट, गरज तिथे बदलून.
४. शेवटी सी०.

वाचणाऱ्या बाजूला: सी० पर्यंत बाइट जमवा, रिकामी फ्रेम सोडा, डीबीच्या जोड्या मूळ बाइटमध्ये परत करा, लांबी बरोबर ११ आहे का पाहा, सीआरसी पाहा, मगच उलगडा. हा क्रम बदलू नका. लांबी जोड्या परत केल्यावरच तपासायची. आधी तपासली तर अनुक्रमांक १९१ पर्यंत बहुतेक ठीक चालेल आणि १९२ ला (हेक्स सी०) पॅकेट नाकारले जाईल. डीबीनंतर डीसी किंवा डीडी सोडून तिसरेच काही आले तर पूर्ण फ्रेम टाकून द्या, अंदाजाने दुरुस्त करू नका.

सीआरसीच्या नावावर विसंबू नका. ‘सीसीआयटीटी’ या एकाच नावाखाली सुरुवातीचा आकडा एफएफएफएफ धरला तर ‘१२३४५६७८९’ या नऊ अक्षरांचे (रोमन अंक, एकेका बाइटचे) उत्तर २९बी१ येते, शून्य धरला तर ३१सी३. सिंकवरच्या आणि पायथनच्या फंक्शनला हीच नऊ अक्षरे द्या. उत्तरे एक आली तरच पुढे जा.

उलगडताना पायथनच्या स्ट्रक्ट मॉड्यूलमध्ये नमुन्याची सुरुवात डावीकडे टोक असलेल्या कोनचिन्हाने करा. ते चिन्ह ‘लहान टोक आधी, रिकामे बाइट नाहीत’ असे सांगते. ते गाळले तर पायथनही आपल्या मनाने रिकामे बाइट गृहीत धरतो आणि टप्पा ३ मधली चूक दुसऱ्या दाराने आत येते.

चुकीचा आकडा पाहून कारण ओळखता येते:

- २६.७५ ऐवजी २९४.५०: बाइटक्रम उलटा.
- २९४.४०: रिकामे बाइट.
- -१.२५ ऐवजी ६५४.११: चिन्ह असलेला आकडा चिन्हाशिवाय वाचला.
- एका ठरावीक अनुक्रमांकापासून दर २५६ ला एक पॅकेट गायब: सीमेच्या बाइटची सुटका होत नाही.

तपासणी: पाठवणाऱ्याचा अनुक्रमांक १८५ पासून सुरू करा आणि २२५ पर्यंत जाऊ द्या. १९२ आणि २१९ (डीबी) ही दोन्ही पॅकेट्स प्रोग्रॅममध्ये दिसलीच पाहिजेत. मग तापमान -१२५ करून पाहा.

## टप्पा ९: हरवलेली आणि दुबार पॅकेट्स मोजा

प्रत्येक नोडसाठी शेवटचा अनुक्रमांक वेगळा जपा. सगळ्यांसाठी एकच चल ठेवला तर तीन नोडची पॅकेट्स आळीपाळीने येताना जवळजवळ प्रत्येकच हरवलेले दिसेल. पुढचा अनुक्रमांक अपेक्षेपेक्षा मोठा असेल तर मधले गेले. तोच पुन्हा आला तर दुबार: पॅकेट पोचले पण पोच हरवली की पाठवणारा पुन्हा पाठवतो. ६५५३५ नंतर ० येतो, त्याला हानी समजू नका. अनुक्रमांक ० झाला आणि सुरू झाल्यापासूनचे सेकंदही कमी झाले, तर नोड नव्याने सुरू झाला आहे. चार बाइटचा तो घटक आपण त्यासाठीच ठेवला होता.

आता माध्यमात बिघाड आणून मोजणी पारखा. रेडिओ माध्यमाच्या सेटिंगमध्ये आरएक्स यशाचे प्रमाण ८० टक्के करा. प्रोग्रॅममध्ये २० टक्के हानी दिसेल अशी अपेक्षा धरू नका. डिस्टन्स लॉसमध्ये ८० टक्के हे रेंजच्या काठावरचे प्रमाण असते, जवळ आल्यावर ते अंतराच्या वर्गानुसार सुधारते. ५० मीटरच्या रेंजमध्ये ४० मीटरवर ते सुमारे ८७ टक्के होते. शिवाय मॅकचा थर पुन्हा पाठवून बरेच काही वाचवतो. म्हणून हवेत फ्रेमची संख्या वाढलेली आणि प्रोग्रॅममध्ये हानी नगण्य, असे चित्र दिसले तर ते बरोबर आहे. हानी बरीच जास्त दिसली तर त्या पॅकेटचा अनुक्रमांक घेऊन उलटा प्रवास करा: सिंकच्या मोट आउटपुटमध्ये ते आहे का? असेल तर चूक सिरियल किंवा प्रोग्रॅमची. नसेल तर वायरशार्कमध्ये ते शेवटचे कोणत्या दोन नोडमध्ये दिसले ते शोधा.

निकाल दुसऱ्या कुणाला देताना सिम्युलेशनची सेव्ह केलेली फाइल, सीड, नऊ बाइटचा आराखडा, पीकॅप आणि नाकारलेल्या ओळींची फाइल सोबत द्या. नाकारलेल्या ओळींची फाइल रिकामी असली तरी द्या.